बूट फाटला म्हणून अख्खा एक्सल बदलू नका

दसरा महिन्यावर आला की कोल्हापुरात जुन्या गाड्यांवरची कापडं निघतात. खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडीलाही हार घालायचा, दुसऱ्या दिवशी दसरा चौकात सोनं लुटायला जायचं, छत्रपतींची मेबॅक डोळे भरून बघायची आणि आपलीही गाडी रंकाळ्याला एक फेरी मारून आणायची, ही हौस इथं बऱ्याच घरांत आहे. त्यामुळं या दिवसांत माझ्याकडं पत्रंही वाढतात. यंदाच्या गठ्ठ्यात चाकाकडं ताकद नेणाऱ्या जॉइंटांबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त निघाली. त्यांतली चार इथं घेतोय. पहिल्या दोघांना सविस्तर लिहिलंय, कारण दोघांचाही पैसा चुकीच्या जागी जायच्या बेतात आहे.

प्रश्न: काका, बाबांची १९८६ ची मारुती ८०० मी सांभाळते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट-कट असा आवाज येतो. सरळ रस्त्याला काहीच नाही. एका गॅरेजमध्ये सांगितलं, दोन्ही बाजूंचे पूर्ण एक्सल नवीन घाला, जुने इथंच ठेवून जा. खर्चाचं सोडा, पण बाबांच्या गाडीचं मूळ सामान असं टाकून द्यायला मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. बदलायचं काय ते तपासून ठरवू, पण जुने एक्सल कुणाकडंही ठेवून येऊ नका. मूळ शाफ्ट एकदा हातातून गेला की परत मिळत नाही. त्या काळच्या पोलादाला जी पाण आहे ती आज दुकानात टांगलेल्या स्वस्त एक्सलला असेलच याची खात्री कुणी देत नाही. स्प्लाइनचा, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचा, एखादा दात ढिला, लांबी थोडी इकडं-तिकडं, असं सामान माझ्याही बाकड्यावर येऊन गेलंय.

तुमच्या गाडीत पुढच्या दोन चाकांना दोन ड्राइव्ह शाफ्ट आहेत, गॅरेजवाले त्यांनाच एक्सल म्हणतात, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट. म्हणजे एकूण चार. चारही एकाच वेळी खराब होणं फार क्वचित घडतं. तुम्ही लिहिलाय तो आवाज चाकाकडच्या जॉइंटचा आहे आणि बहुतेक एकाच बाजूचा. या जॉइंटात बाहेर पोलादी वाटी, आत शाफ्टवर बसणारा तारा, दोघांच्या मध्ये सहा गोळ्या आणि त्या गोळ्यांना जागेवर धरणारी जाळी असते. फोर्ड कंपनीतले इंजिनिअर आल्फ्रेड ऱ्झेप्पा यांनी १९२० च्या दशकात ही रचना काढली. पुढं १९५९ च्या मिनीनं ती वापरली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत ती सर्रास झाली.

गाडी सरळ जात असते तेव्हा गोळी खाचेत जवळजवळ एकाच जागी बसून जोर घेते, म्हणून झीजही तिथंच होते. चाक वळलं की तीच गोळी प्रत्येक फेऱ्याला खाचेत पुढं-मागं धावायला लागते. झिजून पडलेल्या खड्ड्याच्या कडेवरून ती चढली-उतरली की टक् वाजतं. म्हणून वळणाला आवाज आणि सरळ रस्त्याला शांत.

कुठली बाजू ते आधी पक्कं करा. सकाळी लवकर मोकळं मैदान गाठा, काचा खाली घ्या, शेजारी कान तिखट असलेल्या माणसाला बसवा. पहिल्या गिअरला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं तोडून हळूहळू गोल फिरा आणि अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा दाबा. मग तसंच डावीकडं. मग रिव्हर्समध्ये दोन्हीकडं. उजवीकडं वळताना बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर भार जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या जॉइंटवर, उलट झालं तर उजव्यावर. वळणाशी संबंध न ठेवता गाडीच्या वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं असेल तर ते चाकाचं बेअरिंग. त्यासाठी एक्सलला दोष देऊ नका. आणखी एक तक्रार ओळखून ठेवा. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला तुम्ही पाय दाबला की गाडीचं पुढचं अंग थरथरतं आणि पाय काढला की थांबतं, तर तो गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट. तुमच्या पत्रात तसं काही नाही, म्हणून आतले दोन्ही जॉइंट सध्या सोडून देऊ.

आता गाडी उचलून बघायची. मारुतीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तो ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि पुढचं अंग जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. विटा लावून गाडीखाली जाणारी माणसं मी अजून बघतो. वीट भार घेता घेता कुठलीही सूचना न देता फुटते. स्टँड नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

जॉइंटावर ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण असतं, तो बूट. चाक पूर्ण वळवा म्हणजे त्याच्या घड्या उघडतात. बाहेरून बूट चांगला दिसतो आणि चीर घडीच्या तळाशी असते, तेव्हा बोटानं घड्या उघडून उजेडात बघा. चाकाच्या रिमला आतून आणि आजूबाजूच्या पत्र्याला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय हे नक्की. मग एका हातात हब, म्हणजे चाक बसतं तो मधला भाग, घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट पिळा, पुढं-मागं. चाक नुसतं हलवून ढिलाई मोजू नका, त्यात गिअरबॉक्सच्या दातांची मोकळीकही मिसळते. शाफ्ट आणि हब यांच्यामध्ये हाताला टक् लागली तरच जॉइंट झिजलाय. आतला जॉइंट मात्र लांबीत आत-बाहेर सरकणारच, चाक वरखाली व्हायला ती सोय ठेवलेली असते. ती खोट समजून नवीन एक्सल विकत घेतलेली माणसं मला माहीत आहेत.

उघडायची वेळ आली तर चाकाचा मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून धरायला माणूस बसवून सैल करा. नटाला स्प्लिट पिन असेल तर ती काढा, कड खाचेत ठोकलेली असेल तर ती आधी उचला. गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर आतलं टोक ओढल्याबरोबर ते सगळं फरशीवर येईल. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून नकल, म्हणजे हब धरणारा भाग, बाहेर ओढली की शाफ्टचं टोक हबमधून निघतं. अडलं तर जुना नट आट्यांवर चढवून त्यावर तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीनं मारा, उघड्या आट्यांवर कधीच नाही. आतलं टोक पहारीनं जरा उचकलं की लॉक सुटून बाहेर येतं. तिथल्या ऑइल सीलच्या ओठावरून स्प्लाइन घासत ओढू नका.

जॉइंट उघडल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. आधी आतलं ग्रीस दोन बोटांत घेऊन चोळा. गुळगुळीत लागलं तर बरं. कचकच लागली तर रस्त्याची माती आत गेलीय. आपल्याकडं पावसाचा चिखल असतो आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेली शेतातली माती असते. फाटक्या बुटातून तीच आत ओढली जाते आणि गोळ्यांबरोबर फिरत राहते. मग ते ग्रीस उन्हात धरा. या जॉइंटात मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम मिसळलेलं ग्रीस असतं. त्याला स्वतःची करडी झाक असते, तिला घाबरू नका. त्यात सुट्टे चंदेरी कण चमकले तर ते तुमच्या खाचांचं पोलाद आहे.

आता धुवा. वाटी, तारा आणि जाळी यांच्या एकमेकांशी असलेल्या जागा रंगाच्या ठिपक्यांनी आधीच लिहून ठेवा आणि कुठली गोळी कुठल्या खिडकीतली तेही. तारा आणि जाळी तिरकी करत गोळ्या एकेक करून निघतात. गोळ्यांची अदलाबदल करायची नाही, कारण प्रत्येक गोळी आपल्या खाचेबरोबर झिजलेली असते. सुकवून झालं की प्रत्येक खाचेतून नख फिरवा. नुसता रंग बदललेला असेल आणि नख सरळ जात असेल तर तो जॉइंट अजून चांगला चालेल. नख अडकलं, पोपडा निघाल्यासारखा खड्डा असला, निळी झाक आली असली किंवा जाळीच्या खिडकीत गोळी खुळखुळली तर तो जॉइंट संपला. तुमचा आवाज ऐकता एका बाजूला तरी नख अडकेल असंच मला वाटतं. तेव्हा तेवढा एक बाहेरचा जॉइंट नवीन आणा. मारुतीला तो सुटा मिळतो, बूट, लॉक आणि ग्रीससकट. दुसऱ्या बाजूला नख सरळ गेलं तर तिथं फक्त नवा बूट आणि नवं ग्रीस.

काही जुने मिस्त्री डाव्या बाजूची वाटी उजव्या बाजूला आणि उजवीची डावीला घालतात आणि आवाज जातो. त्यात तथ्य आहे, कारण पुढं जाताना खाचेच्या एकाच अंगावर जोर येतो आणि बाजू बदलली की कोरं अंग कामाला लागतं. पण झिजलेली जाळी काही त्यानं बरी होत नाही. सामान यायला उशीर असेल तर तेवढे दिवस काम भागेल. तुमच्या गाडीला सामान मिळतंय, तेव्हा त्या वाटेला जायचं कारण नाही.

ग्रीस किटबरोबर येतं तेच आणि तेवढं सगळं भरा, निम्मं जॉइंटात दाबून आणि निम्मं बुटात. लॉरीच्या कमानींना मारतात ते पिवळं ग्रीस इथं चालत नाही, इथल्या दाबाला मॉलीवालंच टिकतं. आतला जॉइंट तीन रोलरचा निघाला तर त्याच्या किटचं ग्रीस वेगळं असू शकतं, त्यात हे मिसळू नका. जॉइंट केरोसीननं धुतला असेल तर पूर्ण वाळवा, कारण राहिलेलं केरोसीन ग्रीस पातळ करतं आणि रबरही फुगवतं. बुटाची पट्टी आवळण्याआधी त्याच्या ओठाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर सरकवून आतली हवा सोडा. पिळ पडलेला किंवा हवेनं फुगलेला बूट लवकर फाटतो. पट्टी पोलादी हवी. तार गुंडाळून किंवा केबल टाय लावून दिला तर गाडी तिथंच परत करा, ताई, भीड धरू नका. शेवटी मोठा नट मॅन्युअलमधल्या मापानं टॉर्क रेंच लावून आवळा आणि स्प्लिट पिन नवीनच घाला.

पूर्ण एक्सल बदलण्याची वेळ येते तेव्हा कारण वेगळं असतं: स्प्लाइनचे दात झिजलेत, शाफ्ट वाकलाय किंवा ऑइल सील बसतो तिथं खोल चर पडलाय. तसं काही दिसलं नाही तर तुमच्या बाबांच्या गाडीतले दोन्ही शाफ्ट आहेत तिथंच राहू द्या.

प्रश्न: माझ्याकडं मार्क ४ ॲम्बॅसिडर आहे. गिअर टाकून क्लच सोडला की मागून ठक् असा आवाज यायचा, म्हणून प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलून घेतले. ठक् बंद झालं, पण आता ६० च्या पुढं सगळी गाडी थरथरते. आधी अशी थरथरत नव्हती. मिस्त्री म्हणतात, गाडी जुनी झाली, चालायचंच.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: भाऊ, चालायचं नाही. काम करायच्या आधी नसलेली थरथर काम झाल्यावर आली, म्हणजे ती त्या कामातून आलीय. गाडीचं वय त्या एका दिवसात वाढलेलं नाही.

दोन काट्यांना मध्ये जोडणारा अधिकच्या खुणेसारखा तुकडा म्हणजे क्रॉस. त्याच्या जॉइंटचा एक स्वभाव आहे. तो वाकून फिरतो तेव्हा पलीकडच्या टोकाचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. वाक ५ अंशांचा असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. १० अंशांना तो वर-खाली दीड-दीड टक्का होतो. ४० अंशांना तर वेग एकदा ३० टक्क्यांनी वर जातो आणि एकदा २३ टक्क्यांनी खाली. वरच्या ताईंच्या गाडीत पुढच्या चाकांना क्रॉस न घालता गोळ्यांचा जॉइंट घातलाय तो यासाठीच. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस आहेत. पहिल्यानं केलेली वेगाची चढ-उतार दुसऱ्यानं उलट करून मिटवायची असते. ती तेव्हाच मिटते जेव्हा शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतात. शाफ्टच्या अंगावर सरकता स्प्लाइन असेल आणि जोडताना तो काही दात चुकून बसला, तर मिटायची ती गडबड उलट वाढते. ६० च्या वेगाला तो शाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेतो, तेव्हा तुम्हाला जाणवणारच.

म्हणून पहिल्यांदा खाली जाऊन दोन्ही काटे बघा. एकाचे कान आडवे असताना दुसऱ्याचेही आडवेच पाहिजेत. बऱ्याच शाफ्टांवर त्यासाठी बाणाच्या खुणा मारलेल्या असतात, पण त्या जुन्या रंगाखाली दबतात. वायर ब्रश मारल्याशिवाय दिसणार नाहीत. काटे सरळ असतील तर डिफरन्शियलकडची, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याकडची, फ्लँज (बोल्टांनी जोडायची चकती) पूर्वी ज्या भोकांवर होती त्यावरच बसलीय का ते मिस्त्रींना विचारा. खूण न करता उतरवली असेल तर चार बोल्ट काढून फ्लँज अर्धा फेरा फिरवून बसवा आणि गाडी चालवून बघा. एवढ्यानंच थरथर गेलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. शाफ्टच्या नळीवर लहानसा चौकोनी पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला असतो, तो बॅलन्सचा आहे. साफसफाईत तो कुणी छिन्नीनं उडवला नाही ना, तेही बघा. नळीला पोचा असेल किंवा एका अंगाला जाड डांबरी कोटिंग बसलं असेल तर तेवढ्यानंही बॅलन्स जातो.

हे सगळं ठीक निघालं तर माझा संशय क्रॉस बसवण्याच्या पद्धतीवर जाईल, म्हणून तीही लिहितो. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या असतात आणि प्रत्येक वाटीत बारीक सुयांसारखे रोलर उभे लावलेले असतात. जुन्या वाट्या काढताना शाफ्ट हवेत धरून काट्याच्या कानावर घणाचे घाव घालतात. कान जरा जरी वाकला तर नवा क्रॉस मधोमध बसत नाही आणि शाफ्ट फिरताना एका बाजूला ओढतो. काम वाइसमध्ये करायचं. वाट्या अडकवून ठेवणाऱ्या कड्या, म्हणजे लॉक, काढायचे, एका बाजूला वाटीपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला वाटी आत मावेल एवढा मोठा सॉकेट आणि वाइस आवळत जायचं. वाटी आवाज न करता सरकते. गंजलेली असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचं.

नवी वाटी काट्याच्या भोकात दाबूनच गेली पाहिजे. हातानं सरळ आत गेली तर भोक झिजलंय. अशा वेळी भोकाच्या कडेला सेंटर पंचाचे ठिपके मारून वाटी घट्ट बसवायची पद्धत आपल्याकडं आहे. ती माझ्या दृष्टीनं फसवणूक आहे. ते ठिपके काही दिवसांत चेपतात, वाटी फिरायला लागते आणि भोक आणखी मोठं होतं. तसा काटा बदलायचा, दुसरा उपाय नाही.

वाटी बसवताना सगळ्यांत जास्त घात करते ती एक सुई. उभ्या सुयांतली एखादी आडवी पडून वाटीच्या तळाशी जाते. वाटी मग पूर्ण आत जात नाही आणि लॉकची खाच थोडी झाकलेली राहते. घाई असेल तर माणूस हातोडी घेतो, लॉक कसाबसा खाचेत चढतो आणि क्रॉस एका बाजूला ढकललेला राहतो. लॉक बोटांच्या जोरावर टिचकीसारखा बसला पाहिजे. नाही बसला तर वाटी काढा, सुया मोजा, ग्रीसनं चिकटवून परत उभ्या लावा. चारही लॉक बसल्यावर काट्याच्या कानांवर लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले की वाट्या लॉकला टेकतात आणि आवळलेला क्रॉस मोकळा होतो. हातानं फिरवल्यावर तो चारही दिशांना एकसारखा, थोडा ताठ, पण न अडता फिरला पाहिजे. ग्रीस निप्पल असेल तर गन पोचेल अशा बाजूला ठेवा आणि चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरा.

जुने क्रॉस मिस्त्रींनी परत दिले असतील तर ते फेकू नका. त्यांची टोकं पुसून बघा. सुयांच्या जागी बारीक समांतर खड्डे आणि वाटीच्या तोंडाशी तांबडी पूड दिसेल. ती गंजाची आहे आणि ग्रीस कित्येक वर्षं पोचलं नव्हतं एवढं ती सांगते. नव्या क्रॉसचंही तेच होऊ द्यायचं नसेल तर दर सर्व्हिसिंगला स्वतः उभं राहून गन मारून घ्या. निप्पल चिखलात लपतं आणि ज्याला दिसत नाही तो ते सोडून देतो.

काटे, फ्लँज, क्रॉस सगळं नीट असूनही थरथर राहिली तर शाफ्ट घेऊन कोल्हापूरला या. उद्यमनगरात लेथवर टोकं धरून नळी वाकलीय का ते डायलवर लगेच दिसतं आणि शाफ्टचा बॅलन्सही करून मिळतो. बाकी ठक् आवाज गेलाय ना, मग पिनियनचा नट आणि कमानींचे यू-बोल्ट आवळलेले आहेत एवढं बघून घ्या, त्या आवाजाचं मूळ कधीकधी तिथंही असतं.

प्रश्न: १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मागच्या एका चाकाकडून कुई-कुई असा आवाज येतो आणि उचलून हलवलं तर क्रॉस जरासा ढिला लागतो. मित्र म्हणतो, दुसऱ्या गाडीचं पूर्ण हाउसिंग, म्हणजे मागचा अख्खा एक्सल, मागं बसव, कटकट संपेल. तोवर गाडी वापरली तर चालेल का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: वापरू नका. हे मी ॲम्बॅसिडरवाल्यांना एवढ्या ठामपणे सांगितलं नसतं, पण हेराल्डची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या गाडीत मागच्या प्रत्येक बाजूला डिफरन्शियलला लागून एकच क्रॉस आहे आणि त्यापुढचा शाफ्ट दोन कामं करतो. तो चाक फिरवतो आणि चाकाला आडव्या दिशेनं जागेवर धरूनही ठेवतो. वळणावरचा सगळा आडवा जोर त्या क्रॉसमधून जातो. तो तुटला तर नुसती ताकद जायची थांबत नाही, चाकच सरकतं. करूळ घाटाच्या वळणावर तसं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

तपासताना एक लक्षात ठेवा. बॉडीखाली जॅक लावून उचललं की हेराल्डची मागची चाकं खाली लोंबून आत वळतात आणि क्रॉस इतका वाकतो की ढिलाई नीट कळत नाही. चाकाखालून आधार देऊन ते नेहमीच्या उंचीला आणा, मग शाफ्ट वरखाली करा. कुई-कुई आवाज हळू वेगात फेऱ्यागणिक येत असेल तर क्रॉस कोरडा पडलाय. बदलताना चाकाजवळच्या उभ्या दुव्याखाली (व्हर्टिकल लिंक) जॅक ठेवून शॉकॲब्सॉर्बर, रेडियस आर्म, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, कमानीच्या डोळ्याचा बोल्ट आणि फ्लँजचे चार बोल्ट सोडले की अख्खी बाजू बाहेर येते. बाकड्यावर घेऊन क्रॉस वर लिहिलाय तसाच बसवा, आणि एका बाजूचा बदलताय तर दुसऱ्याही बाजूचा बदला. इथं मी काटकसर करायला सांगणार नाही.

मित्राचा सल्ला मानू नका. तुमची गाडी ५० वर्षांपुढची आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसीसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. दुसरं हाउसिंग बसवायला चॅसीस कापावी लागेल. दोन क्रॉसच्या कामासाठी ते करणं म्हणजे हेराल्ड संपवणं आहे.

प्रश्न: काका, २०२१ च्या पुरात आमची प्रीमियर पद्मिनी सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हापासून ती तशीच उभी आहे. इंजिनचं काम आता करून घेतलंय. खालच्या शाफ्टचं काही बघायला लागेल का, का नुसतं ग्रीस मारून चालवू?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर: नुसतं ग्रीस मारून चालवू नका. उभ्या गाडीत क्रॉसच्या सुया त्याच जागी वर्षानुवर्षं पाण्यात बसून राहिल्या. नवं ग्रीस निप्पलमधून जाईल आणि सीलमधून बाहेरही येईल, पण गंजलेल्या सुईखालचा खड्डा तसाच राहील. खुणा करून शाफ्ट उतरवा आणि प्रत्येक क्रॉस हातात घेऊन हळूहळू वाकवा. मधल्या जागेवर बारीक अडखळ लागली तर तो क्रॉस बाद, मग ढिलाई असो वा नसो.

त्याआधी डिफरन्शियलचा खालचा प्लग उघडा. पहिल्यांदा पाणी येईल, कारण ते तळाला बसतं. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. पाणी हवेच्या भोकातून आणि सीलमधून आत जातं. एकदा स्वस्त गिअर ऑइल भरून मागची चाकं स्टँडवर ठेवून हळू फिरवा, ते गरम असतानाच काढून टाका, मग चांगलं भरा. गिअरबॉक्सलाही तसंच करा.

तुमच्या पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे आणि मध्ये सेंटर बेअरिंग रबरात बसवलेलं आहे. ते मात्र तपासत बसू नका, सरळ नवीन घाला. पंचगंगेच्या पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, बंद बेअरिंगच्या कडेतूनही आत जातो आणि धुऊन निघत नाही. बेअरिंग आणताना त्याचं रबरही नवीन घ्या, आणि दोन्ही तुकडे जोडताना वर ॲम्बॅसिडरच्या उत्तरात सांगितलेली काट्यांची रेषा बघूनच जोडा.